सव्वादोन फूट

मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला गाडी बदलायची. आमच्या घरात हे वाक्य इतकं रुळलेलं होतं, की गाडी बदलणं हाही प्रवासातलाच एक विधी आहे, तिकीट काढण्यासारखा, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. औरंगाबादहून निघालेली मीटरगेजची गाडी दौलताबाद, पोटूळ, लासूर, रोटेगाव, नगरसोल अशी थांबत थांबत जायची. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसायला लागले की आई वळकटीचा पट्टा आवळायची आणि वडील मोजदाद करायचे: ट्रंक एक, वळकटी एक, पिशव्या तीन, पोरं दोन. मनमाडला उतरायचं, हे सगळं पलीकडे न्यायचं आणि मोठ्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचं. एकदा मी विचारलं, ही गाडी अशीच पुढे का नाही जात? वडिलांनी मला फलाटाच्या कडेला नेऊन आधी आमच्या गाडीचे रूळ दाखवले, मग पलीकडचे. "मोज," म्हणाले. मी हवेतच विती टाकल्या. पलीकडचे रूळ चार विती जास्त लांब होते.

त्या चार वितींचा आकडा पुढे कळला. ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटर, मीटरगेज म्हणजे १०००. फरक ६७६ मिलिमीटरचा, जेमतेम सव्वादोन फूट. या पुस्तकाचं नाव तिथून आलं आहे. पुस्तक रेल्वेचं आहे असं समजून कुणी घेतलं असेल तर पहिल्या भागापुरतीच त्याची निराशा होणार नाही. पुढचे भाग नाण्यांवर, कचेऱ्यांवर, कायद्यांवर आणि वाळूजच्या शेडमधल्या लोखंडी तुकड्यांवर आहेत. त्या सगळ्यांत मला एकच गोष्ट बघायची होती. वेगळ्या लोकांनी, वेगळ्या काळात, वेगळ्या हेतूने उभ्या केलेल्या दोन व्यवस्था एकमेकींना लागतात कुठे, आणि त्या जागची मजुरी कोण भरतं?

हल्ली संगणकवाल्यांनी याला इंटरऑपरेबिलिटी असा लांबलचक शब्द आणला आहे. एका बँकेच्या खात्यातले पैसे दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमधून तिसऱ्या बँकेत जातात, चहाच्या टपरीवर त्याची टिंग वाजते, हे त्याचं रोजचं उदाहरण. यूपीआय २०१६ ला आलं आणि हा चमत्कार दोन-चार वर्षांत कुणाच्या लक्षातही येईनासा झाला. मराठीत या सगळ्याला सांधा हा शब्द पुरतो. सुतार सांधा करतो, नळवाला सांधा करतो, रुळाला सांधा असतो. मी तोच वापरला आहे.

आता रुळांकडे. दोन मापं आली कुठून, ही गोष्ट गमतीची आहे. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या काळात इथल्या रेल्वेसाठी साडेपाच फुटांचं माप ठरलं. जीआयपीचे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, रूळ त्याच मापाने मुंबईहून घाट चढून मनमाडवरून भुसावळकडे गेले. पुढे खर्चाची ओढाताण सुरू झाली आणि १८७० मध्ये, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, स्वस्तातलं अरुंद माप निवडलं गेलं. तेव्हा सरकारला देशभर मेट्रिक मापं आणायची होती, म्हणून सव्वातीन फुटांचं ते माप थोडं वाढवून नेमकं एक मीटर केलं. मेट्रिक मापं काही आली नाहीत. रूळ मात्र पडले. कापड वारावर, धान्य पायलीवर आणि जमीन बिघ्यावर मोजणाऱ्या देशात हजारो मैल रूळ मीटरचे होते. दुकानात मीटर यायला १९५६ चा कायदा आणि त्यावर आणखी काही वर्षं लागली.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याला दोन्ही मापं माहीत होती. हैदराबाद शहर वाडीमार्गे १८७४ मध्येच जीआयपीला जोडलं गेलं, ते ब्रॉडगेजने. मराठवाड्यातून मनमाडला येणारी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली, ती मीटरगेजवर. म्हणजे राजधानीच्या रुळाला सांधा नव्हता आणि आमच्या रुळाला होता. यात मी कुणाचा कट शोधत नाही. कोरडवाहू मुलखात स्वस्त रूळ टाकावेत हा हिशेब त्या काळी कुठल्याही कंपनीने केला असता. पण रूळ टाकताना वाचलेला पैसा कुठे नाहीसा होत नाही. तो पुढची नव्वद वर्षं कुणीतरी थोडा थोडा भरत राहतो.

कोण भरत होतं ते आजोबांच्या कागदांत दिसतं. आजोबा जुन्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. मुंबईला गेलेल्या मालाची जी पट्टी परत यायची, तिच्यात मालाच्या किमतीखाली वजावटींची उतरंड असायची: भाडं, आडत, धर्मादाय, तोलाई, हमाली. आणि हमालीखाली पुन्हा एकदा हमाली. पहिली इथली, दुसरी मनमाडची. मीटरगेजच्या वाघिणीतलं पोतं उतरवायचं, ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायचं, एवढंच काम. पण हमाल पोतं उचलतो तो आकडा लावून. आकडा दोनदा जास्त लागला की पोत्याला दोन भोकं जास्त पडतात. म्हणून त्याखाली आणखी एक ओळ असायची, 'तूट'. ही तूट आडत्या सोसत नसे, मुंबईचा व्यापारी तर नाहीच. ती सरळ शेतकऱ्याच्या नावावर पडायची. मनमाड ज्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, तो लाडसावंगीचा किंवा पिशोरचा माणूस त्या सव्वादोन फुटांचे पैसे भरत होता.

याच वह्यांत दुसरा एक सांधा आहे आणि तो मला जास्त आवडतो, कारण तो नीट चालत होता. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजी रुपया म्हणजे कलदार. मोंढ्यात दोन्ही चालायचे. शेतकऱ्याला हाली, सरकारी पट्टी हालीत, मुंबईचा हिशेब कलदारात. सरकारी दर होता सहा कलदारांना सात हाली. शंभर कलदारांचे झाले एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. हा आकडा आजोबांना पाढ्यासारखा पाठ होता. मरेपर्यंत पाठ होता. १९७० नंतरही, कुणी शंभराची नोट मोडायला दिली की ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे.

मला त्यांनी हा हिशेब शिकवला तेव्हा मी एक चूक केली. कलदाराचे हाली करायचे तर सहावा हिस्सा मिळवायचा, हे कळलं. मग हालीचे कलदार करताना मी सहावाच हिस्सा वजा केला. आजोबा हसले. "अरे, देताना सहावा, घेताना सातवा. सहाचे सात झाले, आता सातातला एक काढ." या एका ओळीत सगळा सांधा होता. दोन्ही बाजूंना तो माहीत होता आणि मोंढ्यातल्या कुणालाही तोंडी करता येत होता. सराफ वटाव कापायचा, खराब नाण्याला बट्टा लागायचा, हे खरं. पण तेवढंच. मनमाडला दोन रुळांमधला फरक भरून काढायला दीडशे पाठी लागत असतील, तर हाली-कलदारामधला फरक भरायला एक वाक्य लागायचं. १९५१ नंतर नवा हाली निघणं बंद झालं आणि १९५९ मध्ये तो चलनातून गेला. मध्येच १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. कायद्याच्या हिशेबाने पाहिलं तर त्या दोन वर्षांत सात आणे हाली म्हणजे सहा आणे कलदार म्हणजे साडेसदतीस नये पैसे. अर्धा नया पैसा निघालाच नव्हता. त्या अर्ध्या पैशाचं काय करायचे, असं मी आजोबांना विचारलं होतं. "गिऱ्हाईक बघून," ते म्हणाले.

पण दर माहीत असणं पुरत नाही, राजीही लागते. स्वातंत्र्यानंतर २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्याचा अर्थ साध्या भाषेत एवढाच, की भांडण पुढे बघू, तोपर्यंत पूर्वीच्या व्यवस्था चालू ठेवू. कागदावर सांधा शाबूत होता. पुढच्या काही महिन्यांत राजी संपली आणि सीमेवर माल अडवला जातोय अशी तक्रार हैदराबाद सरकार करू लागलं. राज्यात रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, धुमाकूळ वाढत गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतीय सैन्याला शरण आलं. तो इतिहास इतरांनी भरपूर लिहिला आहे, मी त्यात शिरलेलो नाही. माझं काम १८ सप्टेंबरपासून सुरू होतं. लढाई संपली, आता उद्या सकाळी कचेरी उघडल्यावर कारकुनाने कागदावर तारीख कोणती घालायची?

हा प्रश्न थट्टेचा नाही. हैदराबादच्या सरकारी कागदावर फसली सन असायचा. वर्ष आजूर महिन्याने सुरू व्हायचं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मग दै, बहमन, इस्फंदार असे बारा इराणी महिने. १८८४ पर्यंत कारभार फारसीत होता, नंतर उर्दूत. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, त्याच्या वर सुभेदार, खाली तहसीलदार, गिरदावर, पटवारी. मुंबई इलाख्यात हीच माणसं कलेक्टर, कमिशनर, मामलेदार, सर्कल आणि तलाठी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हा या दोन उतरंडी एकमेकींत बसवायच्या होत्या. तालुकदार म्हणजे तालुक्याचा माणूस असं समजून पुण्याकडचा एखादा अधिकारी चुकत असणार, कारण शब्द एकच आणि अधिकार जिल्ह्याचा. आमच्याकडे म्हातारी माणसं ऐंशी सालापर्यंत तलाठ्याला पटवारीच म्हणत होती, आणि तलाठीही ओ देत होता.

नावं जुळवणं सोपं होतं. कायदे जुळवणं जमलं, पण अर्धंच. महसुलाचा एक कायदा झाला, १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. कुळांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात आजही तीन कायदे आहेत. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा आणि मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. इनामांचाही असाच वेगळा कायदा, १९५४ चा. संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कोर्टात जमिनीचा दावा चालतो तेव्हा मदतमाश, खिदमतमाश, अतियात हे शब्द अजून रोज उच्चारले जातात. राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली तरी त्याचे शब्द कामावर आहेत.

या तीन कायद्यांवरून मला कुणाला दोष द्यायचा नाही. जमिनीवर कूळ कसं आलं, इनाम कोणी कशासाठी दिलं, याचा इतिहास तिन्ही भागांत वेगळा होता. एका फटक्यात सगळं सारखं केलं असतं तर ज्या कुळांना हैदराबादच्या कायद्याने संरक्षण मिळालं होतं, त्यांचंच नुकसान होण्याची भीती होती. सगळ्या सांध्यांवर एकीकरण हाच उपाय, असं मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सहाचे सात हा नियम मोंढ्यातल्या पोरालाही येत होता. कुळकायद्याचा नियम मात्र वकिलाच्या कपाटात राहिला. सांधा कुणाच्या तरी एकट्याच्या डोक्यात असला, की तो त्याचं दुकान होतो.

माझी स्वतःची नोकरी या विषयाशी कशी जोडलेली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या शेड उभ्या राहिल्या. अशाच एका शेडमध्ये, मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या, मी तपासणीला लागलो आणि एकोणतीस वर्षं हातात गेज घेऊन उभा राहिलो. तेच गेज, रेल्वेचा शब्द. पण इथे तो वीतभर लांबीचा पोलादी दांडा. एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो-गो', नो-गोच्या बाजूला लाल पट्टा. वीस मिलिमीटरचं भोक तपासायचं असेल तर गो टोक २०.००० चं आणि नो-गो २०.०२१ चं. गो आत सहज जायला हवं, नो-गो तोंडावर अडायला हवं. दोन्ही झालं तर भाग पास. मध्ये जागा किती? एकवीस मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी.

नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या आठवड्यात एकदा तरी विचारायचं, "साहेब, बरोबर वीसच का नाही करायचं?" कारण बरोबर वीस कुणालाच जमत नाही. लेथ गरम होते, हत्यार झिजतं, ऑपरेटरची रात्रपाळी असते. म्हणून कुणीतरी आधीच लिहून ठेवतं, की वाकडेपणा इथपर्यंत चालेल, याच्या पुढे नाही. त्याला टॉलरन्स म्हणतात. आमच्या शेडमधलं भोक, चिकलठाण्यातल्या दुसऱ्या शेडमधला दांडा, पुण्याहून आलेली बेअरिंग. तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि असेंब्लीच्या लाइनवर ते एकमेकांत बसतात. तिघेही आपापल्या परीने चुकलेले असतात, पण ठरलेल्या हद्दीत.

आणि एकदा बसले नाहीत. आमच्याकडून चारशे नग गेले, सगळे मी पास केलेले. तिसऱ्या दिवशी चारशेच्या चारशे परत आले. दांडा भोकात जात नव्हता. मी छातीठोकपणे गेज घेऊन गेलो, समोर एकेक नग तपासून दाखवला. गो आत, नो-गो बाहेर. तिथल्या तपासनिसाने काही न बोलता त्याचं गेज पुढे केलं. त्याचं गो आतच जाईना. मग दोन्ही गेज मोजायला पाठवले. आमचं गो टोक वापरून वापरून झिजलं होतं. झिजलेला दांडा बारीक होतो, बारीक दांडा लहान भोकातही जातो. मी अनेक दिवस लहान भोकं पास करत होतो, तीही पूर्ण खात्रीने. गेज मोजायची तारीख टळून चार महिने झाले होते. ते काम माझंच होतं. मालकाने चारशे नगांचे पैसे माझ्या पगारातून कापले नाहीत, पण पुढचे सहा महिने रोज सकाळी मला विचारलं, "गेजची तारीख बघितली का?"

त्या दिवसानंतर मी मनमाडकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. दोन माणसं एकाच मापाचा आग्रह धरत असतात आणि मापच दोघांकडे वेगळं असतं, असं किती ठिकाणी चालू असेल? या पुस्तकाची पहिली टिपणं त्या वर्षातली आहेत, आमच्या शेडच्या रिजेक्शन स्लिपांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली.

मीटरगेज जावं ही मराठवाड्याची मागणी जुनी. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. पुणे-मिरज-कोल्हापूरकडचं मीटरगेज सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच गेलं. आमच्याकडे रुंद रूळ यायला नव्वदचं दशक उजाडलं. आणि ते सगळीकडे एकदम आले नाहीत. आधी मनमाडहून औरंगाबादपर्यंत, मग पुढे जालना-परभणीकडे. त्यामुळे काही काळ गाडी बदलायची जागा मनमाडहून सरकून आमच्याच स्थानकावर आली. मुंबईहून आलेला माणूस आमच्या फलाटावर वळकटी घेऊन उतरायचा आणि जालन्याकडची छोटी गाडी शोधायचा. लहानपणी मनमाडवाल्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं असेल, त्याच नजरेने मी या प्रवाशांकडे पाहून घेतलं. कबूल करतो, थोडं बरं वाटलं.

आज रूळ एक आहे. ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारतही धावू लागली, मनमाडला कुणी वळकटी आवळत नाही. पण एक सांधा तिथेच आहे, दिसत नाही इतकंच. मनमाड मध्य रेल्वेत, भुसावळ विभागात. छत्रपती संभाजीनगर दक्षिण-मध्य रेल्वेत, नांदेड विभागात, आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला. राज्याची हद्द १९५६ मध्ये बदलली, रुळाचं माप नव्वदच्या दशकात बदललं, कारभाराची रेघ मात्र जवळपास जिथे निजामाच्या रेल्वेची होती तिथेच. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, अशी मागणी प्रवासी संघटना आजही करत असतात. या मागणीच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे ते शेवटच्या भागात आहे. माझं मत मी तिथे लपवलेलं नाही.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत, त्यांची आधीच माफी मागतो. या शहरात जोडणी म्हटलं की लोक पाणचक्कीकडे बोट दाखवतात. डोंगरातलं पाणी मातीच्या नळातून येऊन जातं फिरवतं, त्याच्या जोडीला मलिक अंबरची नहर. विषय मोठा आहे आणि माझा अभ्यास थोडा. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत मला भर घालायची नव्हती. नामांतरावरही मी लिहिलेलं नाही. फक्त एवढं नोंदवतो, की शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं आणि रेल्वे स्थानकाचं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात शहरात राहणारा माणूस एका गावाचा होता आणि तिकीट काढताना दुसऱ्या गावाचा. पुस्तकात जुन्या काळाबद्दल लिहिताना मी त्या काळचं नाव ठेवलं आहे. त्यात कुणी दुसरा अर्थ शोधू नये.

राहता राहिला कागद. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. मराठा आरक्षणाच्या वादात मी पडत नाही. पण त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्यांना दिसली. दप्तरं होती, कपाटं होती, त्यांच्यावर धूळ होती. मोडी आणि जुनी दफ्तरी उर्दू वाचणारी माणसं मात्र बोटावर मोजण्याइतकी उरली होती. ज्यांना गेली चाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या दारात एकाएकी गाड्या उभ्या राहिल्या. पटवाऱ्याने मोडीत लिहिलेलं, तहसीलने उर्दूत नोंदवलेलं आणि आज सातबाऱ्यावर मराठीत छापलेलं, या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे चष्मा लावून बसलेला एखादा ऐंशी वर्षांचा माणूस. तो गेला की त्या कपाटांना कुलूप लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, देवघराच्या कपाटात, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद असतील. अक्षर कळत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. मोडी किंवा उर्दू वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर याच वर्षी त्यांच्याकडून वाचून घ्या आणि मराठीत शेजारी लिहून ठेवा. सालाचा आकडा तेराशेच्या घरातला दिसला तर घाबरू नका, तो बहुधा फसली असेल. महिना आजूर किंवा दै असेल तर त्यात ५९० मिळवा, इस्फंदार किंवा त्यापुढचा असेल तर ५९१. बहमन असेल तर दिनांक बघा, कारण इंग्रजी वर्ष त्याच महिन्यात बदलतं.